जॅझमध्ये कुलिंतांगचा नाद

प्रश्न : मी बरीच वर्षे व्यापारी जहाजांवर नोकरी केली. आशियातल्या बंदरांवरील हॉटेलांत फिलिपिनी वादकांचे जॅझ पुष्कळ ऐकले आणि ते मला नेहमी अमेरिकी जॅझसारखेच वाटले. अलीकडे मात्र एका ध्वनिमुद्रणात गिटारच्या जोडीला काशाच्या थाळ्यांचा नाद ऐकला. फिलिपिन्सच्या आदिम परंपरांचा तिथल्या जॅझवर खरोखर परिणाम झाला आहे, की ही नुसती सजावट आहे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण हॉटेलांत जे ऐकले त्याबद्दल आपले मत योग्यच आहे. अमेरिकेने १८९८ मध्ये स्पेनकडून फिलिपिन्सचा ताबा घेतल्यानंतर तिथे अमेरिकी नृत्यसंगीत पोहोचले आणि १९२० च्या दशकात लुईस बोरोमेओ या पियानोवादकाने मनिलाच्या ‘बोदाबिल’ नावाच्या रंगमंचीय खेळांतून जॅझ लोकांपुढे आणले. ते वाजवणारे बहुतेक वादक सखल प्रदेशातल्या ख्रिस्ती गावांतले होते. चर्चमध्ये आणि गावच्या बँडमध्ये त्यांनी स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण घेतले होते. (गोव्याच्या चर्चशाळांत शिकून मुंबईत जॅझ वाजवणाऱ्या वादकांची वाटचाल याहून फारशी वेगळी नाही.) गाँगची, म्हणजे आपण ऐकलेल्या काशाच्या थाळ्यांची, परंपरा जपली ती दक्षिणेकडच्या मिंदनाव बेटावरील मुस्लिम समाजांनी आणि उत्तरेकडच्या कॉर्डिलेरा डोंगरातल्या लोकांनी, म्हणजे ज्यांच्याशी या शहरी वादकांचा फारसा संबंधच येत नव्हता त्यांनी. त्यामुळे सुरुवातीच्या अनेक दशकांतल्या फिलिपिनी जॅझमध्ये हा प्रभाव शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. बॉबी एन्रिकेस हा झंझावाती पियानोवादक ‘मिंदनावचा वाइल्ड मॅन’ म्हणून ओळखला जाई, पण तो मूळचा नेग्रोस बेटावरच्या बाकोलोद शहराचा होता आणि त्याचे वादन बीबॉप या वेगवान, गुंतागुंतीच्या अमेरिकी जॅझशैलीच्या वळणाचे होते.

हा प्रभाव पुढे आला तो वादकांनी तो जाणीवपूर्वक शोधला म्हणून, आणि या शोधात सर्वांत अधिक उपयोगी पडले ते कुलिंतांग. मागिंदनाव आणि मारानाव समाजांच्या या वाद्यात मध्यभागी फुगवटा असलेले, सहसा आठ लहान गाँग लाकडी चौकटीत ताणलेल्या दोऱ्यांवर ओळीने ठेवतात आणि हलक्या लाकडाच्या दोन काठ्यांनी वाजवतात. मांडणी पाहताना आपल्याला जलतरंग आठवेल. सोबतीला मोठ्या, टांगलेल्या गाँगची जोडी ‘आगुंग’, बोलीचे चढउतार हुबेहूब उमटवणारे चार ‘गांदिंगान’, ‘दाबाकान’ हा ढोल आणि ‘बाबेंदिल’ हा लहान गाँग असतो. बाबेंदिलचा कोरडा, टणक ठोका लय धरून ठेवतो, आगुंगचे खर्जातले आघात त्या ठोक्यांच्या मधल्या जागांत येऊन बसतात आणि कुलिंतांगवादक लहानसा स्वरसमूह घेऊन तो फिरवत, वाढवत, शेजारच्या गाँगकडे सरकत जातो. तबल्यातला कायदा आणि त्याचे पलटे ज्यांच्या कानांत आहेत त्यांना ही वाढ सहज कळेल. ठरलेल्या लयबंधात राहून ऐनवेळी नवे सुचणे हा या वादनाचा प्राण आहे आणि जॅझवादकाला ते परके वाटत नाही ते नेमके याच कारणाने.

उत्तरेकडच्या कलिंगा लोकांच्या ‘तोपय्या’ वादनाचे तत्त्व निराळे आहे, पण माझ्या मते ते तितकेच मोलाचे आहे. सहा वादक गुडघ्यांवर बसून, मांडीवर ठेवलेले सपाट गाँग हातांनी वाजवतात. पहिले चौघे एकच आकृती एकेका ठोक्याने मागेपुढे वाजवतात, पाचवा एक ठरावीक आकृती सतत चालू ठेवतो आणि सहाव्याला मोकळीक असते. जी चाल कानांवर येते ती कोणा एकाची नसते, सहाही जणांच्या आघातांतून ती विणली जाते.

खरी अडचण येते ती सुरांची. कुलिंतांगचे गाँग ठोकून सुरात आणले जातात आणि प्रत्येक संचाचे सूर थोडे वेगळे असतात; त्यामुळे पियानोच्या बारा समान सुरांत ते बसत नाहीत. हार्मोनियमवर श्रुती मिळत नाहीत म्हणून आपल्याकडे जो वाद झाला, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे. शिवाय मूळ वादनात कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीची, मालिकाच नाही. ज्या वादकांनी नेहमीच्याच कॉर्डवर दोन-चार गाँग वाजवून काम भागवले, त्यांचे संगीत मला सजावटीच्या पलीकडे गेलेले वाटत नाही. गिटारवादक बॉब आवेस यांनी मात्र ‘ट्रान्सलेटिंग द गाँग्ज’ या अल्बममध्ये गाँगच्या परंपरेतूनच जॅझची रचना उभी करण्याची कठीण वाट धरली.

या कामाचा मोठा भाग अमेरिकेत घडला. मागिंदनाव परंपरेतले दानोंगान कलांदुयान १९७६ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्यांनी शिष्य घडवले आणि १९९५ मध्ये त्यांना अमेरिकेची ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ मिळाली. त्यांच्याकडे कुलिंतांग शिकलेल्या सूझी इबारा या मुक्त जॅझमधल्या, म्हणजे ठरलेल्या कॉर्ड व तालाचे बंधन न पाळणाऱ्या जॅझमधल्या, नावाजलेल्या ड्रमवादक. मनिलाचे गिटारवादक जॉनी आलेग्रे यांच्यासह त्यांनी केलेला ‘ह्यूमनफोक’ हा अल्बम २०११ मध्ये आला आणि ‘स्काय आयलंड्स’ या रचनेसाठी त्यांना २०२५ चे संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही रचना फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरील डोंगरी वर्षावनांवरून सुचलेली आहे.

आपण ‘ह्यूमनफोक’ जरूर ऐकावा, पण त्याआधी मूळ मागिंदनाव वादन पंधरा-वीस मिनिटे ऐकावे आणि पहिल्या वेळी चालीकडे लक्ष न देता फक्त बाबेंदिलचा ठोका धरून राहावे. एकदा तो कानात बसला की जॅझच्या ध्वनिमुद्रणात ड्रमवादकाची झांज त्याची जागा कुठे घेते आणि कुठे सोडते, हे आपले आपल्यालाच ऐकू येईल.