तर्क आणि अतर्क्य यांचं इतिहासात नेमकं नातं काय? वैर की शेजार?

तुम्ही विचारलंय, की माणसाच्या विचारांचा इतिहास म्हणजे बुद्धीनं अविवेकाला पायरी-पायरीनं मागे रेटल्याची गोष्ट आहे का. शाळेत तशीच शिकवतात. मला ती कधी पटली नाही, आणि याला कारण पंचांगातलं एक पान.

२४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. मी सातवीत होतो. आजीनं आदल्या रात्रीच पाण्याच्या हंड्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं टाकून ठेवलेली. आजोबा घड्याळ रेडिओच्या वेळेला लावून, पंचांग मांडीवर घेऊन बसलेले. पानाच्या वरच्या भागात स्पर्श, मध्य, मोक्ष, म्हणजे ग्रहण लागण्याच्या, भराच्या आणि सुटण्याच्या वेळा, अगदी मिनिटापर्यंत. खालच्या भागात वेध कधी लागतात, कुठल्या राशीला ग्रहण अनिष्ट, गरोदर बाईनं काय करू नये. बाहेर ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाळी चाललेली. आजोबांनी सांगितलेल्या मिनिटाला वेल्डिंगच्या काचेतून सूर्याची कड कुरतडलेली दिसली! मी आजीला विचारलं, राहू गिळतो तर आजोबांना वेळ कशी कळते? ती म्हणाली, “अरे, गणित आहे म्हणून तर अंघोळ वेळेवर होते.”

तेव्हा मी हसलो. पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की हा वाद आजीपेक्षा खूप जुना आहे.

आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये स्वच्छ लिहून ठेवलं होतं: ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’. चंद्र सूर्याला झाकतो, पृथ्वीची मोठी सावली चंद्राला. पुढच्या शतकातल्या वराहमिहिर या ज्योतिष्यानंही हेच कारण दिलं. मग ६२८ मध्ये आपला ग्रंथ घेऊन आला गणिती ब्रह्मगुप्त. वय तीस. शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ज्यानं घालून दिले, तोच हा. त्यानं या मंडळींना झापलं: राहू नाही म्हणणं वेदांच्या, स्मृतींच्या, संहितांच्या विरुद्ध आहे, आणि राहूच नसेल तर ग्रहणातल्या स्नानदानाचं पुण्य फुकट जाईल. एवढं बोलून त्याच ग्रंथात त्यानं ग्रहण कशावरून काढलं? चंद्रबिंब आणि भूछाया यांच्या मापांवरून. राहूची सोय काय, तर ब्रह्मदेवाच्या वरामुळे तो त्या वेळी सावलीत शिरतो. वकिलानं दाद द्यावी अशी पळवाट.

चारशे वर्षांनी मध्य आशियातून आलेल्या अल-बेरुनी या विद्वानानं हे वाचलं आणि तो वैतागला. साधारण १०३० साली हिंदुस्थानावर लिहिलेल्या ग्रंथात तो ब्रह्मगुप्ताच्या जणू कानात विचारतो, की राहू खरा, तर मग ही मापं कशाला काढत बसलास? एवढा तीक्ष्ण बुद्धीचा माणूस असं लिहितो म्हणजे विचारांपायी विषाचा प्याला प्यावा लागलेल्या सॉक्रेटिसासारखं काही संकट त्याच्यावर ओढवलं असणार, असा त्याचा कयास.

मला हा कयास थोडा घाईचा वाटतो. ब्रह्मगुप्त भ्यायला असेलही. पण माझ्या आजीसारखं दोन्ही एकदम खरं मानणारी माणसं मी रोज पाहतो, आणि त्यांना कोणी धमकावलेलं नसतं.

शिवाय गणिताला गिऱ्हाईक कोण होतं, हेही बघा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ हे ग्रहगणिताचं पुस्तक रचलं. त्यात ज्या-कोज्यांची (त्रिकोणमितीतल्या साइन-कोसाइनची) भानगडच काढून टाकली, म्हणजे गावचा जोशी साध्या अंकगणितावर ग्रह काढू शकेल. ही सोय हवी होती ती तिथी, मुहूर्त, एकादशी आणि ग्रहण यांसाठीच. तिकडे युरोपात खगोलशास्त्रज्ञ केप्लरनं १६०८ मध्ये वालेनस्टाइनची (हा पुढे मोठा सेनापती झाला) कुंडली मांडली आणि पुढच्याच वर्षी मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं छापलं. फलज्योतिष ही खगोलशास्त्राची खुळी लेक, पण आईचं पोट तीच भरते, असं तो म्हणायचा. (त्याच्या खऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला झाला, आणि तो त्यालाच लढवावा लागला.)

तेव्हा वैर म्हणू नका. घरमालक आणि भाडेकरू म्हणा हवं तर. पण मी याचं कौतुक करतोय असं कृपया समजू नका, कारण भाडं फार जबर होतं. पंचांगाच्या पानाचा वरचा भाग पिढ्यान् पिढ्या सुधारत गेला. केरूनाना छत्र्यांसारख्या गणितज्ञांनी तर एकोणिसाव्या शतकात त्यासाठी नवी कोष्टकं मराठीत आणली. खालचा भाग मात्र फारसा हललाच नाही. वरच्यानं खालच्याला काही विचारायचं नाही, या अटीवर दोघं एका पानावर नांदत होते, आणि ही अट ब्रह्मगुप्तानं स्वतःच्या हातानं लिहून दिली.

आता ते पान फोनमध्ये आलंय. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला माझी बहीण सात महिन्यांची गरोदर होती. इंजिनीयर आहे, सावलीचं गणित मला शिकवेल. सकाळी भाजी चिरायला घेतली आणि आईकडे बघून तिनं विळी बाजूला सरकवली. म्हणाली, “दोन तासांचा प्रश्न आहे, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?” मी ब्रह्मगुप्ताचा विषय काढणार होतो. काढला नाही. भाजी मी चिरली.