वडील निरवानिरवीचे बोलू लागतात तेव्हा

"बाबांनी जगण्याची आशाच सोडली आहे का हो?" ठाण्याच्या नौपाड्यातील एका लेकीने मला विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ऐंशीकडे झुकलेले वडील मृत्युपत्र, देहदान आणि 'माझे दिवसकार्य करू नका' यांविषयी वारंवार बोलू लागले होते.

अशी काळजी हसण्यावारी नेऊ नये. झोप आणि भूक उडाली असेल, आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल, 'मी तुम्हांला भार झालो' हे पालुपद सुरू असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट लांबवू नये. हे गृहस्थ मात्र रोज तलावपाळीला फेरी मारत आणि नातवाची शिकवणी घेत.

पुढच्या भेटीत त्यांनाच विचारले, "तुम्हांला नेमकी कशाची भीती वाटते?" पत्नीच्या अखेरच्या आजारपणात, तिने नळी ओढू नये म्हणून तिचे हात पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधले होते, हे सांगताना ते स्वतःचे मनगट चोळत होते. "तिला काय हवं होतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मुलांवर तो निर्णय पुन्हा येऊ नये."

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकत नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हाच, डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीने ते अमलात येते. मालमत्तेचे मृत्युपत्र वेगळे, हेही त्यांना समजावले.

खरा पेच पुढेच होता. लेकीला आईसारखेच बाबांनाही अग्नी द्यायचा होता. माझे मत मी स्पष्ट सांगितले: उपचार किती घ्यायचे हा सर्वस्वी त्यांचा अधिकार, पण दिवसकार्य हे मागे राहणाऱ्यांच्या दुःखासाठीही असते, तेव्हा तिथे मुलांचाही शब्द हवा. देहदानात मागे राहिलेल्या नातेवाइकांची तयारी नसेल, तर ते प्रत्यक्षात होत नाही. नेत्रदान मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरीही होते आणि नंतर अंत्यसंस्कार नेहमीप्रमाणे करता येतात.

बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "डोळे मी देतो, बाकीचं तू ठरव. फक्त तेराव्याच्या पंक्तीचे पैसे वाचनालयाला दे." लेकीने तिथेच रडत होकार दिला. इच्छापत्रात निर्णयासाठी तिचे आणि भावाचे नाव लिहायचे ठरले, आणि पुण्यातल्या त्या भावाशी हे सारे फोनवर न बोलता समोर बसून बोलायचे, असेही.