चरीच्या शेतकरी संपाने खरंच काही बदललं का?

हो, बदललं: खोताच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या कोकणातल्या जमीनदाराच्या) मर्जीवर जगणाऱ्या कुळाला, म्हणजे त्याची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला, कायद्याने हक्क मिळण्याची वाट या संपाने मोकळी केली. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचं थांबवलं आणि १९३९ पर्यंत ते मागे हटले नाहीत. ज्याचं पोट भातावर, त्याने इतके पावसाळे शेत पडीक ठेवायचं म्हणजे काय, हे लावणी केलेल्या माणसालाच कळेल! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली, १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. पण १९३९ च्या कूळकायद्याने संरक्षित कुळाची, म्हणजे मनमानीने जमिनीवरून काढता न येणाऱ्या कुळाची, तरतूद आली, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कसणारा जमिनीचा मालक ठरू लागला. मात्र एक लक्षात ठेवा: हा लाभ ज्यांचं कूळ म्हणून नाव लागलं किंवा सिद्ध झालं त्यांनाच मिळाला. नुसत्या मजुरीवर राबणारे भूमिहीनच राहिले.