रात्री दोनला तो घाट बांधत होता

“मॅडम, रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर याच्या खोलीत उजेड. लॅपटॉपवर गेमच. दहावीचं वर्ष आहे हो!” इंदिरानगरहून आलेल्या त्या ताई बोलता बोलता रडकुंडीला आल्या. शेजारी मुलगा मान खाली घालून बॅगेची चेन मागेपुढे करत होता.

मुलाला गेमचं व्यसन लागलंय का, ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी सतत पालक येतात. या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहितेय.

ताईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि मुलाला विचारलं, “काय खेळतोस?”

“खेळत नाही. मॅप बनवतो.”

मग तो जे बोलायला लागला, ते अर्धा तास थांबला नाही. माइनक्राफ्टमध्ये सगळं जग ठोकळ्यांचं असतं, एक ठोकळा एक मीटरचा. त्यातून तो आपला नाशिकचा गोदाघाट उभा करत होता. २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा तो चौथीत होता, पप्पांच्या मागे बसून पाणी बघायला गेला होता. घाटावर दुतोंड्या मारुतीची दोन तोंडांची उंच मूर्ती आहे; तिच्या कुठवर पाणी आलं यावरून नाशिककर पूर मोजतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. तेच त्याच्या मॅपमध्ये होतं. खेळणाऱ्याने गाडगे महाराज पुलाजवळून निघायचं, घाटावरच्या देवळांमधून वाट काढायची आणि पाणी मारुतीच्या गळ्याला लागायच्या आत कपालेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या.

“पण या गेममध्ये पाणी आपोआप चढतच नाही, मॅडम. सपाटीवर सात ठोकळे पसरतं आणि थांबतं.” म्हणून तो कमांड, म्हणजे गेमला टाइप करून हुकूम, देऊन एकेक थर पाणी भरत होता. एका कमांडमध्ये जास्तीत जास्त ३२,७६८ ठोकळे भरता येतात. त्याने वही काढून दाखवली. पानाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, १२८ × २५६ = ३२,७६८, आणि खाली घाटाचे चौकोन पाडलेले. फक्त रिकाम्या जागेतच पाणी भर, असं सांगायला तो पहिल्या वेळी विसरला होता. “आख्खा मारुतीच पाण्याचा झाला!” हे सांगताना तो पहिल्यांदा हसला.

मला हे फार आवडलं, आणि ते मी त्याला सांगितलं. पण आवडलं म्हणून काळजी मिटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी गेम येतो, नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही, आणि साधारण वर्षभर हे चालू राहून घर, शाळा, मैत्री कोलमडते, तेव्हा तो विकार मानतात. या मुलाचं क्रिकेट चालू होतं, मित्र होते. मावशीच्या लग्नात चार दिवस त्याने लॅपटॉप उघडलाही नव्हता. विकार नव्हता. झोप मात्र पार बिघडली होती. दोनला झोपून सहाला उठायचं, म्हणजे चार तास. या वयात आठ ते दहा तास लागतात. वर्गात डुलक्या लागत होत्या त्या यामुळेच.

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं, मला खेळू दे. त्याने लॅपटॉप पुढे सरकवला आणि वही उघडली. मी देवळांच्या मागे तीनदा चुकले. पाणी वर येत होतं, मारुतीचे गुडघे गेले, मी अक्षरशः घाबरले. तो शेजारी बसून एक शब्द बोलला नाही, नुसतं लिहीत होता. नंतर मी वाचलं: “मॅडम तीनदा डावीकडे वळल्या. उजवीकडे दिवा पाहिजे.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं तर मॅप कुठे चुकलाय ते कसं कळणार? मी प्रत्येकाच्या शेजारी थोडाच बसणार आहे?”

यातला आनंद काय आहे, ते मला त्या वाक्यात कळलं. आपण आखलेल्या वाटेवर दुसरं कुणीतरी चालतंय आणि आपण श्वास रोखून बघतोय. घरात मात्र तो मॅप एकदाही कुणी खेळून बघितला नव्हता.

तिसऱ्या वेळी पप्पा आले. अंबडच्या कंपनीतून तसेच, शिफ्ट संपवून. “छान असेल हो, पण याचे मार्क कोण देणार?” प्रश्न रास्त होता, मी वाद घातला नाही. आम्ही झोपेपासून सुरुवात केली. लॅपटॉप हॉलमध्ये, रात्री दहाला बंद. शाळेच्या दिवशी एक तास, पण रविवारी सलग तीन. बांधकामाला सलग वेळ लागतो, मधेच उठवलं की मुलं चिडतात ती त्यामुळे. आणि बंद करायच्या आधी उद्या काय करायचं ते वहीत लिहायचं, म्हणजे अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत झोप उडवत नाही. पहिला आठवडा भांडणात गेला. दुसऱ्या आठवड्यापासून जमू लागलं.

मूल शाळेतच जाईना, पैसे चोरू लागलं, लॅपटॉप काढून घेतल्यावर अंगावर धावून आलं, तर मात्र वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

महिन्याने ताईंचा फोन आला. आदल्या रविवारी पप्पांनी मॅप खेळला, दोनदा बुडाले. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बसले आणि मारुतीला वळसा घालून मागे गेले. मागे सपाट भिंत.

“अरे, याचं दुसरं तोंड कुठंय?”

“राहिलंय, पप्पा.” त्याने वही ओढली, एक ओळ लिहिली आणि लॅपटॉप मिटला. दहाला पाच कमी होते.