छोटं खोटं मोठ्या खोट्याइतकंच घातक असतं का?

तुमच्या प्रश्नाखालचा मजकूर वाचला. मित्रांबरोबर गप्पा मारत बसलात, उशीर झाला, घरी ‘ट्रॅफिकमध्ये अडकलो’ म्हणून सांगितलंत आणि नंतर बायकोला खरं काय ते कळलं. मित्रांबरोबर बसल्याचा तिला राग नाही, खोटं बोललात याचा आहे. तुम्ही म्हणता, एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडलं? ती म्हणते, खोटं ते खोटं, त्यात लहानमोठं काय?

मला दोघांचंही पटत नाही.

आधी तुमच्या बायकोचं. ‘खोटं ते खोटं’ हे बोलायला बरं आहे, पण तसं कुणी जगत नाही. तत्त्वज्ञांमध्ये इमॅन्युएल कांटनं हे पार टोकाला नेलं. 1797 साली त्यानं लिहिलं की तुमचा मित्र घरात लपलाय आणि त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन ‘तो आत आहे का’ विचारतोय, तरी तुम्ही खोटं बोलता कामा नये. महाभारतात कर्णपर्वात याच्या नेमकी उलटी गोष्ट आहे. कौशिक नावाचा एक तपस्वी, कायम खरंच बोलायचं असं त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीनं काही माणसं रानात लपतात, दरोडेखोर येऊन कौशिकाला विचारतात, तो खरं सांगतो आणि ती माणसं मारली जातात. मेल्यावर कौशिक नरकात जातो. ही गोष्ट सांगतो कोण, तर श्रीकृष्ण, आणि तीही अर्जुनाला, तो आपली प्रतिज्ञा खरी करायची म्हणून थोरल्या भावावर तलवार उपसून उभा असताना. कांट कितीही मोठा असो, मी इथे कृष्णाच्या बाजूची.

आता तुमचं. खोटं ‘एवढंसं’ आहे हे ठरवलं कुणी? तुम्हीच. बोलणारा मोजतो ते आपल्याला खऱ्याला किती मुरड घालावी लागली ते. ऐकणारा त्या शब्दावर विसंबून पुढे काय करणार, हे त्याच्या हिशेबात येतच नाही. नुकसान मात्र तिथेच होतं.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. पेशंट आत आला की आम्ही विचारतो, ‘सकाळपासून पोटात काही गेलंय का?’ फाइलवर लिहिलेलं असतं, वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलेलं असतं, तरी पुन्हा विचारतो. बहुतेकजण खरंच सांगतात. पण अधूनमधून एखादा ‘नाही’ म्हणताना नातेवाइकांकडे बघतो, किंवा ‘नाही नाही, काहीच नाही’ असं जरा जास्तच जोरात म्हणतो. मग मी प्रश्न बदलते. ‘चहा किती वाजता घेतला?’ असं सरळ विचारलं की उत्तर येतं, ‘अर्धाच कप घेतला हो, त्यानं काय होतंय!’ त्यानं काय होतंय ते सांगते. भूल चढली की गिळण्याची आणि खोकण्याची आपोआप होणारी क्रिया थांबते. पोटातलं वर आलं तर ते अडवायला काही उरत नाही, सरळ फुफ्फुसात उतरू शकतं. त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा अन्नातच धरायचा, सहा तास आधी बंद. यापेक्षा लहान खोटं मला तरी माहीत नाही, दोन अक्षरं. आणि लपवायचं कशासाठी, तर ऑपरेशन पुढे जाईल, डॉक्टर ओरडतील. खरं सांगितलं तर फार तर काही तास थांबावं लागतं, बस.

गोळ्यांचंही तसंच. ‘बीपीची गोळी रोज घेता ना?’ ‘हो.’ प्रत्यक्षात आठवड्यातून दोनतीनदा घेतलेली. डॉक्टरांना वाटतं औषध पुरत नाहीये, ते डोस वाढवतात, वर दुसरी गोळी जोडतात. पुढे कधी दवाखान्यात भरती झाल्यावर नर्स वेळच्या वेळी सगळ्या गोळ्या देते आणि बीपी धाडकन खाली येतं. डॉक्टरांचं गणित बरोबरच होतं, त्यांना दिलेला आकडाच खोटा होता.

याउलट, कुणी विणलेला स्वेटर दाखवला आणि तुम्ही ‘मस्त झालाय’ म्हणालात, तर त्या शब्दावर काहीच उभं राहत नाही. फार तर तो स्वेटर अंगावर चढेल. तेच ‘मस्त झालंय’ उद्या पाठवायच्या नोकरीच्या अर्जाबद्दल म्हणालात तर मात्र त्या माणसाची संधी जाऊ शकते. शब्द तेच.

लहान खोट्याची दुसरी खोड म्हणजे ते वाढतं, पण सगळंच नाही. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंनी 7 जानेवारी 2009 ला कबुलीपत्र लिहिलं, त्यात म्हटलं होतं की खरा नफा आणि वहीतला नफा यांत सुरुवातीला किरकोळ तफावत होती, ती वर्षागणिक वाढत गेली. शेवटी ताळेबंदात दाखवलेल्या 5361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5040 कोटी अस्तित्वातच नव्हते. लंडनमध्ये मेंदूचा अभ्यास करणाऱ्या टॅली शॅरट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलणाऱ्यांच्या मेंदूतल्या भावनांशी संबंधित भागाचा प्रतिसाद हळूहळू मंदावत गेला आणि खोट्याचं माप वाढत गेलं. पण स्वतःला झळ सोसून केवळ दुसऱ्याच्या भल्यासाठी खोटं बोलणाऱ्यांचं खोटं तसं वाढलं नाही. म्हणून कुणाला बरं वाटावं म्हणून बोललेल्या खोट्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. स्वतःची कातडी वाचवणाऱ्याची वाटते, कितीही चिमुकलं असलं तरी.

तुमचं ‘ट्रॅफिक’ यात कुठे बसतं? त्यावर विसंबून कुणी मोठा निर्णय घेतला नाही, म्हणून प्रत्यक्ष नुकसान शून्य. पण होतं ते स्वतःसाठीच, कटकट टाळायला. मानसशास्त्रज्ञ बेला डीपॉलो आणि सहकाऱ्यांचा 1996 चा एक अभ्यास आहे, त्यात लोकांनी आठवडाभर आपल्या खोट्यांची डायरी ठेवली. बहुतेकांना आपली खोटी किरकोळ वाटत होती, त्यांचं मनावर काही ओझंही नव्हतं. तरी ज्या बोलण्यात खोटं आलं ते त्यांना स्वतःलाच कमी आनंदाचं, कमी जवळिकीचं वाटलं होतं. बायकोला खुपलंय ते बहुधा हेच. शिवाय ती आता मागची प्रत्येक ‘मीटिंग’ आणि प्रत्येक ‘निघालोच’ आठवून बघत असणार. त्या एका संध्याकाळचा हिशेब तिच्या लेखी केव्हाच संपलाय.

तेव्हा तिच्यापुढे ‘एवढंसं तर होतं’ हे पालुपद आधी बंद करा. मित्रांबरोबर बसायचं होतं आणि तू चिडशील असं वाटलं, हे जसंच्या तसं सांगा. ‘याआधीही असं केलंयस का?’ असं ती विचारणारच. केलं असेल तर हो म्हणा, आणि तेव्हाही ट्रॅफिकच होतं की दुसरं काही, तेही सांगा. चिडेल थोडी. आणि पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर तिथूनच फोन करा, मित्रांचा आवाज मागे ऐकू येऊ दे.