वाढीव पन्नास हजार कशासाठी मोजायचे?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. दिवसातले सात-आठ तास उन्हात जातात. मे महिन्यात दुपारी फोन तापून अडकतो, स्क्रीन दिसत नाही आणि पानांवरच्या करपा रोगाचे फोटो सल्लागारांना धूसर पोचतात. तीस हजारांचा फोन घेऊ की ऐंशी हजारांचा? महाग फोन तापत नाही, असं दुकानदार सांगतात.

उत्तर : महाग फोनही तापतो. आयफोन वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं अ‍ॅपल स्वतःच सांगते. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. म्हणजे ऐंशी हजारांचा फोनसुद्धा दुपारी बागेत कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेरच चालतो. महाग फोनमधलं व्हेपर चेंबर प्रोसेसरची उष्णता पसरवतं, त्यामुळे फोन जास्त वेळ जलद चालतो हे खरं. पण बाहेरची हवाच तापलेली असेल, तर ती उष्णता बाहेर पडणार कुठे?

तापल्यावर फोन स्वतःला जपायला लागतो. स्क्रीनचा उजेड कमी करतो, प्रोसेसर मंदावतो, चार्जिंग थांबवतो. म्हणून जाहिरातीतल्या २,००० निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) विसंबू नका. तो आकडा पुष्कळदा स्क्रीनच्या छोट्या भागाचा आणि थोड्या वेळापुरता असतो, आणि फोन गरम झाला की तेवढा उजेड मिळतच नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्क्रीन छान दिसतात. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवून फोन दाराबाहेर उन्हात आणा, पांढऱ्या पानावरची बारीक अक्षरं वाचा आणि पाच मिनिटं कॅमेरा चालू ठेवून पुन्हा वाचा. दोन फोनांतला खरा फरक तिथे कळेल.

उन्हात जाड कव्हर काढून ठेवा. फोन मोटारसायकलच्या टाकीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर राहू देऊ नका. रेंज कमी असलेल्या शिवारात फोन टॉवर शोधत जास्त शक्तीने चालतो आणि तापतो, तेव्हा काम नसेल तर डेटा बंद ठेवा. गरम फोन फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि ते सर्किटवर जातं.

करप्याच्या फोटोंचं दुखणं निराळं आहे. मोठ्या सेन्सरचा मुख्य कॅमेरा फार जवळून फोकसच करू शकत नाही, आणि हा त्रास महाग फोनमध्येही होतो. पानापासून हातभर मागे सरका, २एक्स झूम लावा, पान स्वतःच्या सावलीत घ्या आणि ठिपक्यावर बोट टेकवून फोकस करा. खूप जवळून फोटो हवे असतील, तर अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे का ते पाहून घ्या. २ मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो’ कॅमेरा या कामाचा नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं, त्यामुळे ऐंशी हजारांच्या कॅमेऱ्याने टिपलेले बारकावे वाटेतच गळतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी पोचेल. आधी सध्याच्या फोनवर हे करून बघा. कदाचित कॅमेऱ्यासाठी नवा फोन लागणारही नाही.

आता हिशोब. समजा ८०,००० चा फोन ६ वर्षं वापरला, मध्ये बॅटरी बदलायला ८,००० गेले आणि शेवटी विकून १५,००० आले. दरमहा साधारण १,०१४ रुपये पडले. ३०,००० चा फोन ४ वर्षं वापरून ४,००० ला विकला, तर दरमहा ५४२. फरक पावणेपाचशेचा. पण स्वस्त फोनलाही ६ वर्षं अपडेट मिळत असतील, तर तोही तितकाच टिकवता येतो आणि हा फरक आणखी वाढतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी ए५६ ला कंपनीने ६ वर्षांचं आश्वासन दिलं आहे, गॅलेक्सी एस२४ आणि गूगलच्या पिक्सेल ८ पासूनच्या मॉडेलना ७ वर्षांचं. खरेदीआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच: सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत? दुसरा: स्क्रीन फुटली तर बदलायला किती लागतील, आणि काम जळगाव-भुसावळात होईल की फोन बाहेर पाठवावा लागेल? बागेत फोन पडणारच, म्हणून हे आधीच विचारावं.

पाण्याबद्दलही एक गैरसमज असतो. आयपी६८ या पाणी-धूळरोधक दर्जाची पाण्याची चाचणी स्वच्छ, गोड्या पाण्यात होते. फवारणीचं औषध किंवा ठिबकमधलं खताचं पाणी त्यात येत नाही, आणि आत पाणी गेलं तर साध्या वॉरंटीत दुरुस्ती होत नाही.

तुमच्या कामाला तीस हजारांच्या आसपासचा, उन्हात वाचता येणारा, लांब अपडेटचा फोन पुरेसा आहे. जिओचं ५जी वापरत असाल तर फोनमध्ये एन२८ बँड आहे ना बघा. ७०० मेगाहर्ट्झचा हा सिग्नल शिवारात लांबवर पोचतो.

प्रश्न : जळगावात लग्नाचे व्हिडिओ काढतो. आयफोन १६ आणि १६ प्रो यांत चाळीस हजारांचा फरक होता. प्रोचा फायदा होईल का?

उत्तर : होईल, कारण तुमचा फोन कमावतो. प्रोला ५एक्स टेलिफोटो आहे. स्टेजसमोरची गर्दी न हलवता वधूवरांचे चेहरे त्याने टिपता येतात. साध्या १६ मध्ये २एक्सच्या पुढे चित्र फुगवलेलं असतं. व्हिडिओ संगणकावर उतरवताना प्रोचं ‘यूएसबी ३’ पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत जातं, १६ चं यूएसबी २ फक्त ४८० मेगाबिटपर्यंत. मात्र खोक्यातली केबल यूएसबी २ चीच असते, जलद केबल वेगळी घ्यावी लागते. हे माहीत नसल्याने अनेकांना प्रोचा वेग कधी मिळतच नाही.

१२८ जीबीचा प्रो घेऊ नका. त्यात प्रोरेस (संपादनासाठीचा जड, उच्च दर्जाचा व्हिडिओ) फोनमध्येच साठवायचं तर १०८०पी वरच थांबावं लागतं. साधं ४के ६० चित्रीकरण मिनिटाला ४०० एमबी, म्हणजे तासाला २४ जीबी खातं. हळद, वरात आणि रिसेप्शन एका दिवसात आले की फोन भरलाच. फक्त सफाईदार स्क्रीन हवा असेल, तर आयफोन १७ च्या साध्या मॉडेललाही १२० हर्ट्झ आणि २५६ जीबी मिळतात. त्यासाठी प्रोकडे जायला नको.

प्रश्न : धुळ्यात ओळखीच्या दुकानात दोन वर्षं जुना प्रीमियम फोन निम्म्या किमतीत मिळतो आहे. घ्यावा?

उत्तर : अपडेटची वर्षं मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नाही. ती उरली असतील तरच पुढे जा. *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक घ्या. फोन चोरीचा तर नाही ना हे तपासायला केवायएम (KYM), मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस इंग्रजीत १४४२२ वर पाठवा. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. जुन्या मालकाचं खातं तुमच्यासमोर काढून फोन रीसेट करून घ्या आणि मूळ बिल मागा.

प्रश्न : शहाद्याहून विचारतो, क्रेडिट कार्डवरचा नो कॉस्ट ईएमआय खरंच बिनव्याजी असतो का?

उत्तर : व्याजाइतकी सूट आधी देतात आणि मग व्याज लावतात. ६०,००० चा फोन, १२ हप्ते ५,००० चे आणि व्याजदर १५ टक्के धरला, तर आतलं व्याज सुमारे ४,६०० रुपये होतं. ते सुटतं, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८३० रुपये, तुमच्या बिलात येतो. प्रोसेसिंग फी वेगळी. रोख घेतल्यास दुकानदार हीच सूट देतो का, ते आधी विचारा. देत असेल तर तोच फोन ५५,४०० च्या आसपास पडतो.