दिवसभर नुसते कागद तपासतेय, एचआर म्हणजे हेच का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी कळव्याला राहते. बीएमएस झालं आणि जूनपासून ऐरोलीच्या एका मोठ्या फायनान्स कंपनीत एचआर अप्रेंटिस म्हणून लागलेय, एक वर्षाचा करार आहे. मला वाटलं होतं इंटरव्ह्यूला बसायला मिळेल, लोकांशी बोलायला मिळेल, पण चार महिने झाले मी फक्त जॉइनिंगचे कागद तपासतेय, आधार पॅन मार्कशीट, नाव जुळतंय का तारीख जुळतेय का, आणि ते एक्सेलमधे भरायचं. टीम चांगली आहे पण सगळे कायम घाईत. त्यात आमच्या बिल्डिंगमधल्या काकांच्या मुलाने आमच्याच कंपनीत अर्ज केलाय, ते आईला सारखं म्हणतात तिला बघायला सांगा ना काय झालं. मला सिस्टिममधे दिसतंय की त्याचं रिजेक्ट झालंय. आई म्हणते जे असेल ते सांगून टाक, शेजारधर्म आहे. आणि बाबा म्हणतात पर्मनंट करणार नसतील तर रोज कळवा ठाणे ऐरोली कशाला करतेस. सोडू का?

उत्तर : सोडू नकोस गं, निदान वर्ष पुरं होईपर्यंत तरी नको. तू ज्याला नुसते कागद म्हणतेयस तिथेच आमचं अर्धं खातं आहे, आणि हे मला फार उशिरा कळलं म्हणून तुला जरा सविस्तर लिहितेय.

तारखांचंच बघ. तुझ्या एक्सेलमधे १ जून जन्मतारीख असलेले किती जण आहेत ते एकदा फिल्टर लावून बघ. आपल्याकडे शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून टाकायचे, शाळा जूनमधे सुरू होते म्हणून. मग दाखल्यावर १ जून, आणि आधार काढताना कोणीतरी खरी तारीख सांगितली की तिथे वेगळी. नावाचंही तसंच, दीपाली एका कागदावर डबल ई ने आणि दुसऱ्यावर आय ने, किंवा पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. जॉइनिंगच्या दिवशी ही चूक छोटी वाटते, पण पीएफच्या खात्याला आधार जोडताना तीच अडते, आणि दहा वर्षांनी त्या माणसाला घरासाठी किंवा मुलीच्या लग्नाला पैसे काढायचे असतात तेव्हा क्लेम परत येतो. तू आज ती चूक पकडलीस आणि त्याला आत्ताच दुरुस्त करून घ्या असं सांगितलंस तर त्याचे किती हेलपाटे वाचतात विचार कर.

मी वागळे इस्टेटमधे नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट सांगते. ऑपरेशन्सचा एक मुलगा, तिशीही नव्हती, अचानक गेला. त्याची बायको ऑफिसला आली, कडेवर लहान पोर आणि हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळे कागद. आम्ही फाइल काढली तर पीएफच्या नॉमिनेशनला त्याची आई, लग्नाआधी भरलेला फॉर्म. पीएफच्या योजनेत लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द धरतात, नवीन भरावं लागतं. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं आणि सांगायचं काम आमचं होतं, लग्नाची रजा आम्हीच मंजूर केलेली, पेढे पण खाल्लेले. सासू आणि सुनेत आधीच बोलणं नव्हतं, त्यात हे. ती बाई त्या पैशांसाठी वर्षभर फेऱ्या मारत होती. तो फॉर्म बघून फाइलला लावणारी मीच होते आणि आजही ती पिशवी माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

म्हणून तुला सांगते, लोकांशी बोलायला मिळत नाही म्हणतेस ना, तर जॉइनिंगला आलेल्या माणसाला फॉर्म परत देताना दोन मिनिटं थांबव. लग्न झालंय का, नॉमिनी कोण टाकलाय, आधीच्या कंपनीचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहे का की नवीन काढायचाय, असं विचार. पहिल्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, त्याच्याशी कोणी शांतपणे बोललं तर तो कायम लक्षात ठेवतो. लग्नाची रजा टाकणाऱ्यांची एक वेगळी शीट बनव आणि ते परत आले की नॉमिनेशनची आठवण कर, कोणी सांगायची वाट बघू नकोस.

आणि तू फायनान्समधे आहेस, इथल्या एचआरला अशी कामं असतात जी दुसरीकडे बघायला मिळणार नाहीत. म्युच्युअल फंड विकणाऱ्यांचं एनआयएसएमचं सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, ते संपायच्या आत कोणाचं रिन्यू करायचंय याची यादी कोण ठेवतं ते विचारून घे. (एनआयएसएम म्हणजे सेबीची, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळाची, संस्था, तिचा कॅम्पस आपल्या जवळच, पाताळगंगेला आहे.) बँकांमधे तर रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम आहे की नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग कमीत कमी १० कामाचे दिवस सक्तीची रजा द्यायची आणि तीही आधी न कळवता. कारण एकाच खुर्चीत एकच माणूस सतत बसला तर केलेला घोळ झाकत राहतो, दुसरा येऊन बसला की तो वर येतो. म्हणजे रजेचं रजिस्टर हे फ्रॉड पकडायचं साधन आहे! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रजेच्या शीटकडे बघायची नजरच बदलली.

आता काका. नाही सांगायचं, अजिबात नाही, आणि आईलाही निकाल कळू देऊ नकोस, कारण आईला कळलं की जिन्यात बोललं जाणारच, त्यात तिचा दोष नाही. काकांना स्वतः जाऊन भेट आणि सरळ सांग, काका मला कोणाचंही काही बघून सांगायची परवानगी नाही, त्याला मेल येईल, नाही आला तर त्याने रिक्रूटरला मेल टाकून विचारावं. चार दिवस तोंड वाकडं करतील, करू देत. आज तू त्यांना त्यांच्या मुलाचं सांगितलंस तर उद्या दुसऱ्या कोणाचा पगार विचारतील. आणि ते रेकॉर्ड परत उघडू नकोस, कोणी काय उघडलं त्याची नोंद सिस्टिममधे राहते.

बाबांचं चुकीचं नाही. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात करारात लिहिलेलं नसेल तर कंपनीवर नोकरी द्यायचं बंधन नसतं. तेव्हा करार काढून वाच, मधेच सोडलं तर काय ते पण त्यातच असेल, आणि मॅनेजरकडे पंधरा मिनिटं मागून घेऊन दोनच गोष्टी विचार, उरलेल्या आठ महिन्यांत पेरोल आणि रिक्रूटमेंटला एकेक महिना बसवाल का, आणि वर्ष संपताना जागा असेल तर माझा विचार होईल का. अजून एक लक्षात असू दे, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात अप्रेंटिसही येते, तुझी तक्रार कंपनीच्या कमिटीला घ्यावीच लागते. तशी वेळ येऊ नये, पण बरोबरच्या मुलींना हे सांगून ठेव.

प्रश्न : माझा मुलगा पदवीधर आहे, महापेला अप्रेंटिस लागलाय. स्टायपेंडमधून पीएफ कापत नाहीत, काही फसवणूक तर नाही ना? (एक पालक, कोपरखैरणे)

उत्तर : घाबरू नका दादा. अप्रेंटिस कायद्याखाली करार झालेला असेल तर त्याला पीएफ लागू होत नाही, कारण तो शिकाऊ धरला जातो, कामगार नाही. फक्त तो करार सरकारी पोर्टलवर खरंच नोंदलाय का ते बघा, मुलाच्या लॉगिनला दिसतो. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना कमीत कमी ९,००० रुपये ठरले होते, त्याच्याखाली देत असतील तर आधी एचआरला लेखी विचारा. आणि कराराचा नंबरच नाही, नुसतं लेटरहेडवर अप्रेंटिस लिहून पूर्ण वेळ राबवून घेतायत असं असेल तर पीएफचा प्रश्न परत उभा राहतो, तसं असलं तर लेटरची झेरॉक्स पाठवा, मी बघून सांगते.